अजिंठ्याचं जपानी कर्ज आणि वाटेवरचा खानदेश

जानेवारी १९९२ मध्ये जपानने भारताला ३७४ कोटी ५० लाख येनचं कर्ज दिलं. कशासाठी, तर अजिंठा-वेरूळची लेणी जपायची आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांची सोय करायची. मार्च २००३ मध्ये त्याच कामाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी ७३३ कोटी १० लाख येनचा करार झाला. धरणं, वीजकेंद्रं, मेट्रो यांच्यासाठी परदेशी कर्ज घेतल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पण भिंतीवरच्या चित्रांसाठी एक देश दुसऱ्या देशाला पैसा देतो, तेव्हा त्यात कलेची ओढ असतेच आणि परराष्ट्र धोरणही असतं. या प्रकरणात ते धोरण कसं चाललं, कुठवर पोचलं आणि कुठे अडलं, हे खानदेशच्या बाजूने मांडायचा हा प्रयत्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जपानला दिल्लीत जे हवं होतं ते बऱ्याच अंशी मिळालं. भारतालाही टोकियोत आपलं वजन वाढवता आलं. मात्र पाहुण्याला स्टेशनवरून लेण्यापर्यंत नेणारा, त्याला जेवू घालणारा, त्याच्याशी चार शब्द बोलणारा माणूस या आखणीत जवळजवळ धरलेलाच नव्हता. त्यामुळे एवढा पैसा येऊनही जपानची ओळख आमच्या मुलखात रुजली नाही आणि आमची जपानला झाली नाही.

लेणी घाटाखाली, वाट खानदेशातून

सरकारी नकाशात अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. अजिंठा गाव घाटावर आहे, लेणी घाटाखाली फर्दापूरच्या अंगाला. फर्दापूर सोडलं की वाकोड, पहूर, नेरी करत साठेक किलोमीटरवर जळगाव. लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेणारी वाघूर उत्तरेला खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. रेल्वे आल्यापासून मुंबईकडून किंवा कलकत्त्याकडून अजिंठ्याला निघालेला माणूस जळगावला उतरत आला आहे. कुणी पाचोऱ्याला उतरून पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने पहूरपर्यंत येत असे. जिल्ह्याची हद्द कुठेही असो, लेण्यांचा उत्तरेकडचा दरवाजा खानदेशच आहे.

या दरवाजातून सत्ताही आल्या. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने दरीत आला आणि लेणी युरोपला कळली. १८४४ पासून कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला काढायच्या कामावर नेमलं. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, तरी चित्रांच्या नकला लंडनमध्ये टांगून तिथल्या लोकांना 'आपल्या' साम्राज्याचं वैभव कंपनीने दाखवलं. गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. अजिंठा जगाला दाखवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याची कबर आमच्या रेल्वेच्या गावात आहे, हे भुसावळच्या शाळकरी मुलांना कुणी आवर्जून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

निजामानेही लेण्यांचा असाच उपयोग केला. १९२० ते १९२२ च्या दरम्यान हैदराबाद संस्थानाने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. कलेची जाण असलेलं, जगाच्या बरोबरीने चालणारं संस्थान म्हणून हैदराबादचं नाव त्यातून झालं. तज्ज्ञांनी सुटलेले पापुद्रे भिंतीला पुन्हा बसवले. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा थर पुढे काळवंडला, आणि तो उतरवायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना अनेक वर्षं खर्ची घालावी लागली.

जपान आधी चित्रकाराच्या पावलांनी आला

जपानचं अजिंठ्याशी नातं कर्जाच्या खूप आधीचं आहे. नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य सभागृहात भिंतींवर बोधिसत्त्वांची जुनी चित्रं होती. त्यांची रेषा, डोळ्यांची ठेवण, हातातलं कमळ पाहून जपानी अभ्यासकांना अजिंठ्याची आठवण होत असे. बौद्ध धर्म त्यांच्याकडे सहाव्या शतकात कोरियामार्गे पोचला. आपल्या चित्रकलेचं मूळ कुठे, या प्रश्नाचं उत्तर शोधत ते या दरीपर्यंत आले.

१९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून आराई काम्पो हा जपानी चित्रकार कलकत्त्याला आला. टागोरांच्या वाड्यातल्या विद्यार्थ्यांना त्याने जपानी कुंचल्याचं काम शिकवलं आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊन नकला काढल्या. अंधारातल्या भिंतीसमोर बसायचं, कागद लावायचा, पुसट झालेली रेष डोळ्यांनी पकडून कुंचल्याने उतरवायची. हे काम एका बैठकीत होत नाही. त्याच्या मागे कुठला करार नव्हता की मंत्रालय नव्हतं. त्या मोहिमेतल्या नकला पुढे १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. गिलच्या आगीत गेल्या, याच्या भूकंपात. पुढे आराई होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला काढायच्या कामावरही होता.

२६ जानेवारी १९४९ ला होर्यूजीच्या सभागृहाला आग लागली आणि ती चित्रं करपली. जपानभर हळहळ झाली, आणि १९५० मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा तिथे झाला. आजही २६ जानेवारी हा दिवस तिकडे वारशाच्या आगप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळतात. घरची चित्रं जळताना पाहिलेल्या देशाला अजिंठ्याच्या भिंतीची काळजी वाटते, यात मला खोटं काही दिसत नाही. धोरण नंतर आलं. ते या खऱ्या ओढीवर उभं राहिलं म्हणूनच टिकलं.

कर्जामागचं धोरण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानकडे हळूहळू पैसा आला, पण फौजेच्या जोरावर बोलायची मुभा त्याच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने ठेवली नव्हती. शेजारच्या देशांत युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या. १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका जकार्ता आणि बँकॉकला गेले तेव्हा त्यांच्याविरुद्ध रस्त्यांवर उद्रेक झाला. नुसता माल विकून माणसं जोडली जात नाहीत, हे जपानला तिथे कळलं. त्याआधी १९७२ मध्ये जपान फाउंडेशन स्थापन झालंच होतं. मग मे १९८८ मध्ये पंतप्रधान ताकेशिता यांनी लंडनमध्ये परराष्ट्र धोरणाचे तीन खांब सांगितले: शांततेसाठी सहकार्य, विकास मदतीत वाढ आणि सांस्कृतिक देवाणघेवाण. लेण्यांसाठी दिलेलं कर्ज यांतल्या दोन खांबांवर एकाच वेळी बसतं. पुढच्याच वर्षी जपानने जागतिक वारसास्थळांसाठी युनेस्कोत निधी ठेवला, आणि १९९३ पासून कंबोडियातल्या अंगकोरच्या आंतरराष्ट्रीय समितीचं सहअध्यक्षपद फ्रान्सबरोबर घेतलं. आशियातला बौद्ध वारसा जपणारा देश, अशी ओळख ठरवून उभी केली गेली.

भारताच्या बाबतीत जमीन आधीच भुसभुशीत होती. १९४९ मध्ये नेहरूंनी टोकियोच्या उएनो प्राणीसंग्रहालयातल्या मुलांसाठी 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. १९५२ च्या तहात भारताने युद्धाची भरपाई मागितली नाही. जपानने येनमध्ये विकासकर्ज द्यायला १९५८ मध्ये सुरुवात केली ती भारतापासूनच. आपणही स्वस्थ बसलो नव्हतो: मौलाना आझादांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद उभी केली, आणि १९८८ मध्ये जपानमध्ये भारत महोत्सव भरला. अजिंठा-वेरूळ १९८३ मध्येच जागतिक वारसा यादीत गेले होते, भारतातल्या पहिल्या चार स्थळांत. १९९१ मध्ये आपली परकीय गंगाजळी आटली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच लेण्यांच्या पहिल्या कर्जाचा करार झाला.

खरी परीक्षा १९९८ मध्ये झाली. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. हिरोशिमा-नागासाकी भोगलेल्या जपानने नवीन येन-कर्जं थांबवली. हे निर्बंध ऑक्टोबर २००१ मध्ये उठले, आणि मार्च २००३ मध्ये अजिंठा-वेरूळच्या दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. संबंध पुन्हा जुळवताना कामांच्या यादीत लेणी होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. अणुधोरणावर दोन्ही देशांचं एकमत झालेलं नव्हतं. अशा वेळी ज्या कामावर दोन्हीकडे कुणीच हरकत घेणार नाही असं काम हाताशी असणं, हा परराष्ट्र व्यवहारात मोठा आधार असतो. सॉफ्ट पॉवरचे, म्हणजे फौज किंवा दबाव न वापरता संस्कृतीच्या ओढीने मिळणाऱ्या वजनाचे, अभ्यासक जे पानोपानी सांगतात ते इथे एका कर्जाच्या तारखेत दिसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. हे कर्ज होतं, देणगी नव्हती. व्याज कमी, मुदत लांब, पण फेड भारताने करायची आणि तीही येनमध्ये. नाव 'जपानच्या मदतीने' असं लागतं. असा सौदा देणाऱ्याला फार स्वस्त पडतो.

जमिनीवर काय झालं

काम बरंच झालं. लेण्यांची डागडुजी, रस्ते, पाणी, डोंगरावर झाडं, औरंगाबादचा विमानतळ. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खाजगी गाड्या अडवून पुढचे चारेक किलोमीटर कमी प्रदूषणाच्या बसने न्यायची सोय झाली. लेण्यांच्या तोंडाशी गाड्यांचा धूर आणि दुकानांची गर्दी होती, ती मागे हटली. चित्रांच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य होता. ही चित्रं माती, भुसा, तंतू यांच्या गिलाव्यावर कोरड्या पृष्ठभागावर काढलेली आहेत. दमट श्वास, धूळ, वटवाघळांची घाण यांतलं काहीही त्यांना सोसत नाही. टोकियोच्या सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेने आपल्या पुरातत्त्व खात्याबरोबर दोन नंबरच्या लेण्यातल्या चित्रांची जी बारकाईची नोंद केली, तीही मी या प्रकरणातल्या सगळ्यात भरीव कामांत धरतो. पैसा येन-कर्जाचा असो की आणखी कुठला, दोन देशांचे जाणकार एका भिंतीसमोर उभे राहिले.

अडचण टी-पॉइंटजवळच्या अभ्यागत केंद्रात दिसते. कल्पना उत्तम होती. एक, दोन, सोळा आणि सतरा नंबरच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बांधायच्या, प्रेक्षकाला आधी त्या दाखवायच्या, म्हणजे मूळ लेण्यात गर्दी कमी आणि माहिती जास्त. मोठी इमारत झाली, प्रतिकृती झाल्या, उद्घाटन झालं. पुढे पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. कर्जातून इमारत बांधता येते. रोजचा खर्च, झाडलोट, वीज, माहिती सांगणारी माणसं यांची तरतूद ज्याने त्याने नंतर करायची असते. देणाऱ्याच्या दफ्तरी इमारत उभी राहिली की काम पूर्ण. घेणाऱ्याच्या दफ्तरी ती दर महिन्याचा बोजा. तिसरा पक्ष, म्हणजे आजूबाजूची गावं, तिला आपली मानत नाहीत, कारण ती उभी करताना त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. प्रभाव पाडायला बांधलेली वास्तू कुलूप लावून उभी राहिली तर पाहुण्यावर जो प्रभाव पडायचा तो पडतोच, फक्त उलटा.

आणि रस्ता. ऑगस्ट २०१८ ची आंतरराष्ट्रीय बौद्ध परिषद दिल्लीसोबत अजिंठ्यालाही ठेवली होती. बुद्धाची भूमी म्हणून भारताचं नाव करणारा हा सरकारचा मोठा उपक्रम. त्याच काळात जळगाव-अजिंठा रस्ता रुंदीकरणासाठी उखडला गेला आणि पुढे काही पावसाळे तो चिखल आणि धूळ यांच्या पाळीत राहिला. जळगावला गाडी करून निघालेल्या पाहुण्याला पहूर येईपर्यंत भारताबद्दल काय वाटत असेल, त्याचा हिशोब कुठल्याच अहवालात नसतो.

ज्याच्या हातात बॅटरी असते

एक नंबरच्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर गाईड उभा राहतो आणि बॅटरीचा झोत एका बाजूने टाकतो. चेहरा गंभीर दिसतो. झोत दुसऱ्या बाजूला नेला की ओठांवर हसू उमटतं. समोरून धरला की ध्यानस्थ. परदेशी पाहुण्याच्या तोंडून आपोआप उद्गार निघतो. मग गाईड बाहेर पद्मपाणीकडे, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राकडे नेतो, झोत तिरपा धरतो, आणि गळ्यातले मोती भिंतीतून वर आल्यासारखे चमकतात. ज्या क्षणासाठी दोन सरकारांनी एवढी खटपट केली, तो क्षण असा त्याच्या मनगटाच्या हालचालीत घडतो. त्याला होर्यूजीचं चित्र दाखवलंय का कुणी? समोरच्या जपानी आजीबाईंच्या मंदिरातला बोधिसत्त्व या पद्मपाणीचा नातलग आहे, हे त्याने त्यांच्या भाषेत एका वाक्यात सांगितलं तर त्या आयुष्यभर विसरणार नाहीत. आपला इतिहास परक्या माणसाला ठाऊक आहे, यासारखा आदर दुसरा नाही.

तीच गोष्ट जळगावच्या गाडीवाल्याची, फर्दापूरच्या खानावळीची, दगड आणि स्फटिक विकणाऱ्या पोरांची, पायऱ्यांवर डोली उचलणाऱ्यांची. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पाहुण्याच्या ताटात येत नाही. येतं ते कुठेही मिळणारं पनीर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, पण अजिंठ्याच्या पाहुण्याला ते कळायला मार्ग नाही. जपानमध्ये कुठल्याही छोट्या गावी गेलं तरी तिथलं खाणं, तिथलं मंदिर आणि तिथली कारागिरी एकत्र समोर येते. जपानने आपल्याला पैसा दिला, ही हातोटी दिली नाही, आणि आपणही मागितली नाही.

याहून मोठी उणीव मला दुसरीकडे दिसते. खानदेशात बुद्ध हा भूतकाळातला विषय नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामी होते, आणि त्या आठवणीने आजही ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. बुद्ध पौर्णिमेला मुलाबाळांना घेऊन, डबे बांधून लेण्यांत येणारी कुटुंबं जळगाव-भुसावळकडची असतात. सव्वीस नंबरमधल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे ती हात जोडतात, शेजारी जपानी भाविकही हात जोडतात, आणि दोघं न बोलता पुढे जातात. बौद्ध वारसा या नावाने चाललेल्या सगळ्या व्यवहारात जिवंत बौद्ध समाज फक्त गर्दी म्हणून मोजला गेला. नागपूरचं उदाहरण समोर आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई तिथे राहिले, भारताचे नागरिक झाले, लोकांच्या लढ्यात उतरले. कर्जाचा एक येनही नसताना विदर्भात जपानबद्दल जी आपुलकी त्यांच्यामुळे आहे, तिच्या जवळपास आम्ही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानमधल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं. म्हणजे हे नातं कसं जोडायचं ते राज्याला कळलं आहे. ते कोयासानला जेवढं दिसलं तेवढं जळगावला दिसलं नाही.

आता हातात काय आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. अजिंठा रेल्वेने जोडणं हा त्यातला जाहीर हेतू आहे. मार्ग झाला की उत्तरेकडचा दरवाजा पुन्हा मोठा होईल, आणि जुनी चूक नव्याने करायला किंवा टाळायला वावही मिळेल.

मला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात, आणि तिन्ही स्थानिक पातळीवर सुरू होऊ शकतात. जळगावच्या विद्यापीठात जपानी भाषेचा अभ्यासक्रम हवा, आणि त्यात पहिली जागा टी-पॉइंटच्या गाईडांना, गाडीवाल्यांना आणि खानावळवाल्यांच्या मुलांना हवी. साहित्य शिकवायची घाई नको. लेण्यात, रस्त्यात आणि ताटावर बोलता येईल एवढं आधी पुरे. दुसरी गोष्ट, गिल आणि आराई यांना जोडणारी एक वाट आखावी: भुसावळची कबर, जळगाव स्टेशन, पहूर, फर्दापूर, आणि शेवटी चित्रं. होर्यूजीच्या चित्रांच्या चांगल्या प्रतिकृती जळगावात मांडल्या तर मूळ चित्रांच्या विम्याचा प्रश्नच येत नाही, आणि गिलच्या गावच्या पोरांना दोन भिंती शेजारी ठेवून पाहता येतील. तिसरी सगळ्यात कठीण आहे. बंद पडलेल्या केंद्रासारखी वास्तू पुन्हा चालवायची तर तिचा रोजचा खर्च आणि कारभार यांत फर्दापूर-वाकोडच्या ग्रामपंचायतींना आणि बुद्ध पौर्णिमेला येणाऱ्या समाजाच्या संस्थांना बसवावं लागेल, आणि तिकिटातला ठरावीक वाटा तिथेच ठेवावा लागेल. त्यासाठी दोन जिल्हे, पर्यटन खातं आणि पुरातत्त्व खातं यांनी एका टेबलावर यायला हवं. टोकियोचा माणूस त्या टेबलावर असायला हरकत नाही, पण निमंत्रण जळगाव आणि सोयगावच्या नावाने जायला हवं.